चार खोल्यांत चार वेगळे आवाज: खरेदीआधी मल्टिमीटर काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरात नवं घर बांधलं. हॉल, स्वयंपाकघर, आई-वडिलांची खोली आणि मुलीची अभ्यासाची खोली, अशा चार ठिकाणी फॉल्स सीलिंगमध्ये दोन-दोन स्पीकर बसवले. सगळ्या वायरी हॉलमधल्या टीव्ही युनिटच्या मागे आणून एका ॲम्प्लिफायरला जोडल्या. आता वडिलांनी सकाळी बातम्या लावल्या की मुलीच्या डोक्यावरही बातम्या. आई शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागातली, तिला भाकरी थापताना तेलुगू गाणी हवीत. ती लागली की हॉलमधला तुमचा तोडी राग बंद. दुकानदार मल्टी-झोन ॲम्प्लिफायर घ्या म्हणतो, इलेक्ट्रिशियन परत भिंती फोडाव्या लागतील म्हणतो. काय करायचं?

भिंती फोडू नका, आणि दुकानदाराला आठवडाभर थांबायला सांगा. बहुतेक तुमच्या वायरींचं काही बिघडलेलं नाही. एका ॲम्प्लिफायरमधून एका वेळी एकच गाणं निघतं, घोळ एवढाच आहे. त्याच्या तोंडावर स्पीकर ए आणि बी अशी बटणं असतात, ती पाहून लोक फसतात. ए दाबा, बी दाबा, दोन्हीकडे एकच गाणं जाणार.

मी हे काम टेपरेकॉर्डर दुरुस्तीपासून करत आलोय, त्यामुळे एक गोष्ट डोळ्यासमोर बदललेली पाहिली. पूर्वी महाग असायचा तो सोर्स. घरात एक रेकॉर्ड प्लेअर, एक डेक, एक ट्यूनर. मग तेच चार खोल्यांत वाटून घ्यायचं. मल्टी-झोन किंवा मॅट्रिक्स ॲम्प्लिफायर त्या काळाच्या गरजेतून आला: चार-सहा सोर्स आत, सहा खोल्या बाहेर, ज्या खोलीला जे हवं ते बटण दाबून घ्या. यंत्र उत्तम आहे. पण आज सोर्स प्रत्येकाच्या खिशात आहे आणि वीस-पंचवीस वॉटचा ॲम्प तळहातावर मावतो. मग एका मोठ्या डब्यावर चारही खोल्यांचा भार कशाला टाकायचा? तो डबा बिघडला की अख्खं घर मुकं, आणि दुरुस्तीला पुण्याला पाठवला तर परत कधी येईल ते सांगता येत नाही. माझा सल्ला असा: जागेवरच, त्याच टीव्ही युनिटमध्ये, प्रत्येक खोलीसाठी एक छोटा ॲम्प आणि प्रत्येकाला स्वतःचा स्ट्रीमर, म्हणजे नेटवर्कवरून गाणी घेऊन ॲम्पला देणारा डबा. वायरी त्याच राहतील. एक बिघडला तर एकच खोली बंद.

पण आधी मल्टिमीटर.

हे मी माझ्या चुकीतून शिकलो. विजापूर रोडवरच्या एका घरी नेमकं असंच काम होतं, तीन खोल्या, सहा स्पीकर. जुना ॲम्प काढला, तीन नवे छोटे ॲम्प लावले, चालू केले. पहिल्या खोलीत गाणं सुरू झालं, दुसऱ्या खोलीचं सुरू करताच 'टक्' असा आवाज आणि बोर्डावरून धूर. दुसरा बोर्ड जोडला, तोही गेला. मग अक्कल आली आणि वायरी मोजल्या. सहा स्पीकरची बारा टोकं हवीत. तिथं सातच होती. सहा प्लस आणि सगळ्यांची मिळून एक मायनस. इलेक्ट्रिशियनला बोलावलं तर तो म्हणतो, "न्यूट्रल एकच असतोय की साहेब, सहा कशाला ओढायचे?" त्याचं काय चुकलं? दिव्यांच्या वायरिंगमध्ये तसंच असतं. जुना ॲम्पही तक्रार न करता चालत होता, कारण त्याच्या सगळ्या मायनस आतून एकाच ग्राउंडला जोडलेल्या होत्या.

आजचे छोटे ॲम्प मात्र क्लास डी प्रकारचे असतात आणि बहुतेक ब्रिज पद्धतीने चालतात. त्यांचं मायनस टोक हे ग्राउंड नसतंच. प्लसइतकंच तेही जिवंत असतं. दोन्ही टोकं सप्लायच्या निम्म्या व्होल्टेजवर उभी राहून एकमेकांविरुद्ध हलतात. दोन चॅनेलच्या मायनस जोडल्या की दोन आउटपुट एकमेकांशी कुस्ती खेळतात. चांगल्या बोर्डातलं संरक्षण तो बंद करतं, स्वस्तातला जळतो. माझे दोन्ही स्वस्तातले होते, पैसेही माझ्याच खिशातून गेले.

म्हणून ॲम्प बंद करून त्याच्या मागच्या सगळ्या वायरी सोडवा. सोडवण्याआधी फोटो काढा. तुमच्याकडे आठ स्पीकर, म्हणजे सोळा टोकं मिळायला हवीत. मिळाली तर अर्धी लढाई जिंकलात. कोणती जोडी कुठल्या खोलीची हे शोधायला जुनी युक्ती पुरते: दीड व्होल्टचा पेन्सिल सेल जोडीला क्षणभर टेकवा, त्या खोलीतला स्पीकर 'खर्र' करेल. कोणीतरी आत उभं राहून हाक मारावी. मग मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्रत्येक जोडी मोजा. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर साडेसहा-सातच्या आसपास दिसतो, कारण मीटर फक्त तारेचा डीसी रोध मोजतो. सव्वातीन-साडेतीन दिसलं तर वर कुठेतरी दोन स्पीकर पॅरलल आहेत. तेरा-चौदा दिसलं तर सिरीज. चार स्पीकरचा भार परत आठ ओहमवर आणायला दोन-दोन सिरीज करून त्या जोड्या पॅरलल करतात. इलेक्ट्रिशियनने तो जोड सीलिंगच्या वर, दोन खोल्यांच्या मध्ये केला असेल तर आधी तो शोधून सोडवावा लागेल. एकदा एका खोलीचं मायनस आणि दुसऱ्या खोलीचं मायनस यांच्यात मीटर लावून पाहा. मीटर जोडच नसल्याचं (ओपन) दाखवत असेल तर उत्तम. शून्याजवळ दिसलं तर मायनस कॉमन, म्हणजे सामायिक, आहे.

कॉमन निघालं तर काय करायचं ते नीट वाचा, कारण इथंच लोक चुकतात. फक्त एका खोलीतल्या दोन स्पीकरचं मायनस एक असेल तर काळजी नाही. दोन्ही प्लस एकत्र करून ते ॲम्पच्या एकाच चॅनेलला लावा आणि त्या खोलीत मोनो, म्हणजे दोन्हीतून एकच आवाज, वाजवा. भार चार ओहम होईल, तेवढा झेपणारा ॲम्प घ्या. मायनस खोल्याखोल्यांत कॉमन असेल तर मात्र कंड्युटमधून नवी जोडी ओढून घ्याच. "मी ग्राउंडवाला जुन्या पद्धतीचाच ॲम्प प्रत्येक खोलीला लावीन, मग कॉमन चालेल ना?" असं विचारणारे भेटतात. जळणार नाही, पण झिरपेल. समजा परतीची सामायिक तार ०.२ ओहमची आहे. आठ ओहमच्या स्पीकरसमोर ती अडीच टक्के झाली, म्हणजे स्वयंपाकघरातलं गाणं सुमारे ३२ डेसिबल कमी होऊन मुलीच्या खोलीतही वाजत राहणार. तिचा स्पीकर चालू असेल तेव्हा कळणार नाही. ती रात्री सगळं बंद करून अभ्यासाला बसली की छतातून बारीक आवाजात कोणी गातंय असं वाटेल. मी हे ऐकलंय. घरातल्या आजी भूत म्हणाल्या होत्या.

नवी वायर ओढायची वेळ आली तर दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची पुरते. १५ मीटर अंतराला जाऊन-येऊन ३० मीटर तार होते, तिचा रोध साधारण ०.३६ ओहम, आठ ओहमच्या साडेचार टक्के. पाच टक्क्यांच्या आत असलं की मी खूश असतो. चार ओहमचा भार असेल किंवा अंतर जास्त असेल तर अडीचची घ्या. हजारो रुपये मीटरच्या 'स्पेशल' स्पीकर वायरीबद्दल मला विचारू नका, माझा रक्तदाब वाढतो.

ॲम्पबद्दल थोडक्यात. घरात ऐकायला एक-दोन वॉट लागतात, यावर कोणाचा विश्वास बसत नाही. साधारण ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॉटवर एका मीटरवर ८८ डेसिबल देतो. बोलणं साठच्या आसपास असतं. लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर चालणारा छोटा ॲम्प आठ ओहमला वीसेक वॉट देतो, खोलीसाठी भरपूर झाला. चारही ॲम्पना मिळून एकच मोठा पॉवर सप्लाय लावायचा मोह होईल; लावू नका. सामायिक सप्लायमधून स्ट्रीमरची 'चुंईऽ' सगळ्या खोल्यांत फिरते. प्रत्येकाला वेगळा ॲडॉप्टर. आणि टीव्ही युनिटची मागची फळी कापून टाका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बाहेर ४२-४३ अंश असतात, बंद कपाटात त्याहून जास्त. कपॅसिटरचं ढोबळ गणित असं, की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. क्लास डी ॲम्प स्वतः फारसा तापत नाही, पण शेजारचा सेट-टॉप बॉक्स, राउटर आणि चार ॲडॉप्टर मिळून कपाटाची भट्टी करतात.

छतातल्या दोन स्पीकरना स्टिरिओ करण्याच्या भानगडीत हॉल सोडून कुठे पडू नका. स्वयंपाकघरात माणूस फिरत असतो, त्याला कायम एकच बाजू ऐकू येते. मोनो करायचं तर फोनच्या सेटिंगमध्ये करा, किंवा ॲम्पच्या इनपुटला डाव्या-उजव्या तारेत एकेक किलोओहमचा रेझिस्टर टाकून मग एकत्र करा. दोन आउटपुट नुसते पिळून जोडू नका.

आता सोर्स. ब्लूटूथ स्वस्त आहे आणि एका खोलीपुरतं चालतं, पण पाहुण्यांचा फोन आला की गाण्याच्या जागी रिंगटोन वाजते, आणि फोन घेऊन गच्चीवर गेलात की गाणं तुटतं. शिवाय रिसीव्हर सगळे हॉलमध्ये आणि माणूस आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती. तुमच्या मांडणीत वाय-फायवाला स्ट्रीमरच बरा. ॲम्पमध्येच स्ट्रीमर असलेले डबे मिळतात; सोपं पाहिजे तर ते घ्या. हाताला खाज असेल तर रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक आणि मोफत सॉफ्टवेअर. या क्षेत्रात कंपन्या केव्हा हात झटकतील याचा नेम नाही: लॉजिटेकने स्क्वीझबॉक्स हा स्ट्रीमर २०१२ मध्ये बंद केला, गूगलने क्रोमकास्ट ऑडिओ २०१९ मध्ये. पण स्क्वीझबॉक्सचं सर्व्हर सॉफ्टवेअर खुलं होतं, म्हणून ते आजही लिरिअन या नावाने जिवंत आहे आणि त्याच्या जोडीला साध्या रास्पबेरी पायलाही प्लेअर बनवता येतं. मी माझ्या घरी तेच वापरतो. पाय घेताना एवढं बघा, की झीरो आणि पाच या मॉडेलना हेडफोनचं भोक नाही. यूएसबी साउंड कार्ड किंवा डॅक बोर्ड (डिजिटल आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारा) लागतो.

घरात जुना संगणक पडून असेल तर आणखी एक मार्ग आहे. त्याला चार यूएसबी साउंड कार्ड लावा. विंडोज १० मध्ये २०१८ च्या एप्रिल अपडेटपासून कोणत्या प्रोग्रॅमचा आवाज कोणत्या कार्डातून जावा हे वेगवेगळं ठरवता येतं. चालतं, मी करून दिलंय. पण लाइट जाऊन आली की कार्डांची अदलाबदल होते आणि वडिलांच्या खोलीत मुलीचं गाणं. करायला मजा येते, घरच्यांच्या गळ्यात मारायला नको.

इंटरनेटच्या वेगाची चिंता करू नका. ३२० केबीपीएसचे चार प्रवाह मिळून सव्वा-दीड एमबीपीएस होतात. अडतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे खातं. स्पॉटिफायचं वैयक्तिक खातं एका वेळी एकाच ठिकाणी वाजतं. तुम्ही हॉलमध्ये लावलं की मुलीचं थांबलं, आणि मग सगळे ॲम्पला दोष देतात. फॅमिली प्लॅन घ्या आणि प्रत्येकाचं खातं वेगळं करा. दुसरं म्हणजे राउटर. फायबरवाल्याने एक राउटर दिलेला असतो, आतल्या खोलीत रेंज नाही म्हणून तुम्ही बाजारातून दुसरा आणून त्याला जोडता. आता घरात दोन वेगळी नेटवर्क झाली. फोन एकावर, स्ट्रीमर दुसऱ्यावर, दोघांवर इंटरनेट जोरात, पण फोनला स्ट्रीमर दिसत नाही. मला येणाऱ्या फोनपैकी निम्मे याचेच. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न काढता पहिल्याचंच पुढे नेईल; गेस्ट नेटवर्क वापरू नका. स्ट्रीमर टीव्ही युनिटमध्ये राउटरच्या शेजारीच बसणार असतील तर त्यांना सरळ लॅनची वायर लावा.

स्ट्रीमरना खोलीची नावं द्या, कंपनीने दिलेली आकड्यांची नावं ठेवू नका. आमच्याकडे रात्री अकराला मुलाने ढोल-ताशा लावला तो त्याच्या खोलीत नाही, माझ्या वडिलांच्या उशाशी. त्या दिवसापासून नावं आहेत आणि वडिलांच्या खोलीला आवाजाची कमाल मर्यादाही.

कधी सगळीकडे एकच हवं असतं, गणपतीच्या आरतीला किंवा घरी कार्य असेल तेव्हा. त्यासाठी चारही स्ट्रीमर एकाच जातीचे घ्या. गूगल कास्टचा गट गूगल कास्टशी, ॲपलच्या एअरप्ले २ चा एअरप्ले २ शी जमतो, मिसळ चालत नाही. दहा मीटर अंतर कापायला आवाजाला साधारण २९ मिलिसेकंद लागतात आणि तेवढा फरक कान गिळतो. पन्नासच्या पुढे गेला की आरतीला घुमटाखाली उभं राहिल्यासारखा प्रतिध्वनी येतो. वेगवेगळ्या जातीच्या स्ट्रीमरमध्ये फरक कित्येकदा सेकंदांचा असतो.

हे सगळं जमलं तरी एक प्रश्न उरतो, आणि तुम्ही तो विचारलेला नाही. चार खोल्यांत चार गाणी वेगळी वाजतील, पण ती त्या त्या खोलीत राहतील का? सोलापुरातलं घर म्हणजे वाऱ्यासाठी दारं सताड उघडी. प्लॅस्टर केलेली साडेचार इंची विटेची भिंत सुमारे ४५ डेसिबल अडवते, साधं फ्लश दार वीसेक, आणि उघडं दार काहीच नाही. म्हणजे भिंत कितीही भक्कम असली तरी हिशोब दाराचाच. त्यात छतातल्या स्पीकरला बहुधा मागे पेटी नसते. तो खाली जेवढा वाजतो तेवढाच वर पोकळीतही, आणि तिथून वायरीसाठी पाडलेल्या भोकातून शेजारच्या खोलीत. सीलिंगच्या वर हात घालून ती भोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने बुजवा. शंभर रुपयांचं काम, आणि फरक कुठल्याही महाग यंत्रापेक्षा जास्त. दारावर जाड सोलापुरी चादर पडद्यासारखी टांगून पाहिलीय मी. शिट्ट्या, झांजा, 'स'कार थोडे मवाळ होतात, तबल्याचा डग्गा मात्र तिला जुमानत नाही. अभ्यासाच्या खोलीला लागून असलेल्या खोल्यांत बास कमी ठेवा.

यावरचा खरा उपाय म्हणजे स्पीकर माणसाजवळ आणणे. मोकळ्यात अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलने वाढतो. बंद खोलीत थोडा कमी, पण फायदा होतोच. छतातला स्पीकर तीन मीटरवरून ऐकायला जेवढा सोडावा लागतो, त्याच्या कितीतरी कमी आवाजात उशाशेजारचा छोटा स्पीकर भागवतो, आणि बाकीच्या घराला तो पत्ताही लागू देत नाही. स्वयंपाकघरात ओट्याच्या वरचा स्पीकर मी नेहमी बंदच करायला सांगतो. फोडणीची वाफ आणि तेल त्याच्या कोनाला चिकटतं, आणि मिक्सर-चिमणीच्या वर ऐकू यावं म्हणून आवाज चढवत नेला जातो. फ्रिजवर, आईच्या कानाच्या उंचीला एक छोटा ठेवा.

इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर लाइट गेल्यावर ॲम्प घरघरतो; घ्यायचाच असेल तेव्हा प्युअर साइन वेव्ह घ्या. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस वेगळा लावा, नाहीतर इन्व्हर्टरवर जातानाच्या त्या अर्ध्या सेकंदात राउटर रीस्टार्ट होऊन चारही खोल्या दोन मिनिटं गप्प.

आणि वडिलांच्या खोलीत स्ट्रीमर बसवण्याआधी त्यांना विचारा. न्यूजऑनएअर ॲपवर आकाशवाणी ऐकता येते हे खरं, पण पंचाहत्तरीतल्या माणसाला ॲप, खातं आणि वाय-फाय शिकवण्यापेक्षा गोल बटणाचा रेडिओ उशाशी ठेवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. मीडियम वेव्हवर खरखर आली तर दोष रेडिओला देऊ नका. खोलीतला एलईडी दिवा आणि मोबाइलचा चार्जर एकेक करून बंद करून बघा. खरखर ज्याच्याबरोबर थांबेल तो बदला. तसं झालं तर त्या खोलीची जोडी टीव्ही युनिटमध्ये टेप लावून, नाव लिहून तशीच ठेवा आणि ॲम्प तीनच आणा.